जप्ती कायदेशीर, नुकसान बेवारस

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय : सरकारी ताब्यात नाहक अडकवून ठेवलेल्या खासगी मालमत्तेच्या नुकसानीची जबाबदारी ठरवणारा राज्याचा कायदा करण्याबाबत.

महोदय / महोदया,

तालुक्याच्या न्यायालयात फौजदारी वकिली करणाऱ्याच्या बॅगेत दोन अर्जांचे नमुने कायम असतात. एक जामिनाचा आणि दुसरा मुद्देमाल, म्हणजे गुन्ह्याच्या तपासात जप्त झालेली वस्तू, परत मिळण्याचा. जामिनावर अग्रलेख लिहिले जातात, वाहिन्यांवर भांडणं होतात. दुसऱ्या अर्जाकडे मात्र अर्जदार, त्याचा वकील आणि मुद्देमाल कारकून सोडले तर कोणी ढुंकूनही पाहत नाही. हे पत्र त्या दुसऱ्या अर्जाविषयी आहे.

गृहमंत्र्यांना किंवा पोलीस महासंचालकांना लिहावं, असं काही मित्रांनी सुचवलं. त्यांना लिहिलं तर फार तर एक परिपत्रक निघेल. परिपत्रकांची मुळीच टंचाई नाही. वस्तू कधी परत द्यायची याचे नियम आहेत, निवाडे आहेत, आता तर नव्या संहितेत दिवसही मोजून दिले आहेत. ते दिवस उलटून गेले, वस्तू कुजली, गंजली किंवा नाहीशी झाली, तर पैसे कोणी भरायचे, एवढं मात्र कोणत्याही कायद्यात स्पष्ट लिहिलेलं नाही. ती जागा फक्त तुम्हीच भरू शकता. साठ वर्षांपूर्वी तुमच्या सभागृहांना तसं सांगूनही झालं आहे. सांगणारा माणूस साताऱ्यात जन्मलेला होता. त्याच्याकडे मी येतोच.

आधी एक टेम्पो पाहू. मालक आमच्या तालुक्यातला, भाजीपाला आणि किराणा वाहतुकीसाठी कर्ज काढून छोटा टेम्पो घेतलेला. चालक दुसरा. एके रात्री चालकाने मालकाला न विचारता टेम्पो नेला आणि शेतातल्या विहिरींवरून चोरलेल्या मोटारींच्या केबलीसकट पकडला गेला. मालक आरोपी नाही, साक्षीदार आहे. टेम्पो जप्त झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. सुपूर्दनाम्यावर, म्हणजे खटला चालू असेपर्यंत बंधपत्रावर, टेम्पो मिळावा म्हणून अर्ज केला. तपासी अंमलदाराचं म्हणणं मागवलं गेलं. ते येईना. आलं तेव्हा त्यात नेहमीची ओळ होती : तपास अपूर्ण आहे, वाहन परत दिल्यास अर्जदार पुराव्यात फेरफार करण्याची शक्यता आहे. टेम्पोत कोणता पुरावा शिल्लक होता, देव जाणे. केबली केव्हाच खाली उतरवून, मोजून, लेबल लावून मुद्देमाल खोलीत गेल्या होत्या. मग फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र आणा, मग मूळ आरसी आणा, मग साहेब रजेवर. दरम्यान हप्ते थांबत नाहीत. टेम्पो कमवत नसतानाही कंपनीचा वसुलीवाला दारात येतो. त्याला न्यायालयाचा अर्ज दाखवून काही होत नाही.

शेवटी आदेश झाला. बंधपत्र द्या, टेम्पो विकू नका, रंग बदलू नका, न्यायालय सांगेल तेव्हा हजर करा. सगळं कबूल. मालक आणि मी ठाण्याच्या मागच्या मोकळ्या जागेत गेलो. टेम्पोची चारही चाकं जमिनीला टेकलेली. बॅटरी नव्हती, तिच्या जागी दोन मोकळ्या वायरी लोंबत होत्या. स्टेपनी नव्हती. उंदरांनी वायरिंग कुरतडलं होतं आणि डिझेलच्या टाकीचं झाकणही कोणीतरी नेलं होतं. जप्ती पंचनाम्यात बॅटरी, स्टेपनी, टायर यांचा शब्दही नाही. 'एक जुना वापरता टेम्पो, चालू स्थितीत', एवढंच. मग हवालदारांनी ताबा पावती पुढे केली. ती आधीच टाइप केलेली होती : वाहन सुस्थितीत मिळाले, माझी कोणतीही तक्रार नाही.

मालकाने माझ्याकडे पाहिलं. सही नाही केली तर टेम्पो आज मिळणार नाही, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. त्याने सही केली. दुसरा टेम्पो बोलावून दोरीने ओढत तो आपला टेम्पो गॅरेजला घेऊन गेला.

पुढे त्याने दावा लावला असता, तर त्या एका सहीने तो जागच्या जागी बुडाला असता. हवालदार वाईट माणूस नव्हते. त्यांना ते मागचं आवार वारशाने मिळालं होतं. चावी नाही, छप्पर नाही, कुंपणाला भगदाड, आणि मुद्देमाल रजिस्टरमध्ये त्यांच्याही आधी बदलून गेलेल्या तीन-चार अंमलदारांच्या नोंदी. कोणाच्या काळात बॅटरी गेली, हे शोधायचं ठरवलं असतं तरी सापडलं नसतं. नेमकं म्हणूनच ही जबाबदारी एका हवालदाराच्या पगारावर टाकून भागणार नाही, ती सरकारी तिजोरीवर यायला हवी.

आता नियम काय सांगतात ते पाहा. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २००२ रोजी सांगितलं की जप्त वस्तू पंधरा दिवस ते महिनाभरापेक्षा जास्त काळ पोलीस ठाण्यात ठेवू नये. वाहनं तर ठाण्याच्या आवारात सडत ठेवण्यात काहीच अर्थ नाही. फोटो काढा, सविस्तर पंचनामा करा, बंधपत्र घ्या आणि परत द्या. कोणी घेऊन जायला आलं नाही, तर सहा महिन्यांच्या आत विक्रीचा आदेश करा. या निकालामागचं प्रकरण काय होतं, हेही सांगण्यासारखं आहे. सुरतेतल्या पोलीस कर्मचाऱ्यांवरच आरोप होता, की त्यांनी ठाण्यातल्या मुद्देमालाच्या अस्सल वस्तू बदलून तिथे नकली ठेवल्या, रकमा हडप केल्या आणि परवानगीशिवाय लिलावही उरकले. मुद्देमाल कसा सांभाळावा याचा देशभर दाखला म्हणून दिला जाणारा निकाल, मुद्देमाल पळवल्याच्या आरोपातून जन्माला आला आहे.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम ४९७ ने सुंदरभाईच्या पुढचं पाऊल टाकलं. मालमत्ता न्यायालयापुढे हजर झाल्यापासून चौदा दिवसांत तिचं विवरण तयार करायचं, फोटो किंवा व्हिडिओ घ्यायचा, आणि विवरणानंतर तीस दिवसांत ती परत देण्याचा, विकण्याचा किंवा अन्य विल्हेवाटीचा आदेश करायचा. कागदावर याहून स्पष्ट काय हवं? पण वाहन न्यायालयात 'हजर' केलंच नाही, फक्त जप्तीचा अहवाल पाठवला, म्हणून चौदा दिवस सुरूच झाले नाहीत, असा युक्तिवाद मी माझ्या कानांनी ऐकला आहे. आणि समजा दिवस सुरू झाले आणि संपलेही, तर पुढे काय? कलम तिथे गप्प आहे. मुदत मोडणाऱ्याला काही होत नाही आणि मुदत मोडल्यामुळे बुडालेल्याला काही मिळत नाही.

तीच गत जप्तीच्या अहवालाची. पोलिसांनी जप्ती ताबडतोब दंडाधिकाऱ्याला कळवावी, असं कायदा सांगतो. शेन्टो वर्गीस प्रकरणात मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की कळवायला उशीर झाला एवढ्यावरून जप्ती रद्द होत नाही. फार तर कर्तव्यात कसूर म्हणून त्या अधिकाऱ्याची खात्यांतर्गत विचारणा होऊ शकते. न्यायालयाची अडचण मला समजते, तांत्रिक चुकीवरून आरोपीचा फायदा व्हायला नको. पण विचारणेच्या फाइलमधून टेम्पोवाल्याच्या हातात काय पडणार?

आता साताऱ्याच्या त्या माणसाकडे येतो, पण मेरठमार्गे.

२० सप्टेंबर १९४७ ची रात्र. फाळणीचे दिवस. अमृतसरहून एक सराफ सोनं-चांदी विकण्यासाठी मेरठला उतरला. बाजारातून जाताना मध्यरात्रीच्या सुमारास पोलिसांनी त्याला अडवलं, झडती घेतली, ठाण्यात नेलं. त्याच्याजवळचं १०३ तोळ्यांहून जास्त सोनं आणि दोन मणांवर चांदी ठाण्यात जमा झाली. दुसऱ्या दिवशी त्याला सोडलं, पाठोपाठ चांदीही परत दिली. सोनं दिलं नाही. ते ज्याच्या ताब्यात होतं, तो मुद्देमाल खोलीचा हेड कॉन्स्टेबल पुढच्याच महिन्यात सोनं घेऊन पाकिस्तानात पळून गेला.

सराफाच्या पेढीने उत्तर प्रदेश सरकारवर दावा लावला. खालच्या न्यायालयात जिंकली, उच्च न्यायालयात हरली. सर्वोच्च न्यायालयात घटनापीठाने सप्टेंबर १९६४ मध्ये निकाल दिला, कस्तुरीलाल रलियाराम जैन विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य. पोलिसांचा निष्काळजीपणा न्यायालयाने मान्य केला. मुद्देमाल सांभाळण्याचे नियम धाब्यावर बसवले गेले, हेही मान्य केलं. आणि तरीही दावा फेटाळला. अटक, झडती, जप्ती हे राज्याच्या सार्वभौम सत्तेचे अधिकार आहेत. ते वापरताना नोकराने केलेल्या चुकीसाठी राज्यावर दावा चालत नाही, असं ठरलं.

निकाल लिहिला होता सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी. साताऱ्यात जन्मलेला माणूस तो हाच. निकालाच्या शेवटी त्यांनी जे लिहिलं, ते तुम्हा सर्वांना उद्देशून होतं. कायद्याची ही अवस्था समाधानकारक नाही, आणि भारतातल्या विधिमंडळांनी राज्याच्या या मुक्ततेवर मर्यादा घालणारे कायदे करण्याचा आता गांभीर्याने विचार करायला हवा, असा त्याचा आशय होता. त्याआधी १९५६ साली विधी आयोगाने आपला पहिलाच अहवाल याच विषयावर दिला होता. संसदेत १९६५ आणि १९६७ साली विधेयकं आली. दोन्ही बारगळली. त्यानंतर आपल्याकडे राज्याच्या वाढदिवसाला भाषणं झाली, गजेंद्रगडकरांचं नाव मोठ्या आदराने घेतलं गेलं, पण त्यांचं एवढं एक मागणं कोणी मनावर घेतलं नाही.

ही 'सार्वभौम' मुक्तता आली कुठून, तेही पाहण्यासारखं आहे. १८६१ साली कलकत्त्याच्या गोदीत सरकारी मजुरांच्या हातून लोखंडाचा तुकडा पडला, त्याच्या आवाजाने पी अँड ओ कंपनीच्या गाडीचा घोडा बुजला आणि जखमी झाला. कंपनीने ३५० रुपये मागितले आणि ते तिला मिळालेही. मात्र निकाल देताना मुख्य न्यायाधीश पीकॉक यांनी एक रेघ ओढली. कोणीही खासगी माणूस करू शकेल अशा कामांसाठी सरकार जबाबदार, सार्वभौम कामांसाठी नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या जबाबदारीची ती रेघ १८५८, १९१५ आणि १९३५ च्या कायद्यांतून सरकत सरकत आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ३०० मध्ये आली. गंमत अशी, की ज्या १९४७ साली मेरठच्या ठाण्यातून सोनं गेलं, त्याच साली ब्रिटिश संसदेने कायदा करून स्वतःच्या राजसत्तेची ही मुक्तता बव्हंशी संपवून टाकली. ज्यांच्याकडून आपण ती उचलली, त्यांनी टाकून दिली. आपण ती जपून ठेवली.

न्यायालयांनी त्यानंतर आपल्या परीने वाट काढली आहे, हे मान्य करायला हवं. जुनागढच्या कस्टम अधिकाऱ्यांनी १९४७ मध्ये एका व्यापाऱ्याचे दोन ट्रक आणि एक स्टेशन वॅगन अडकवून ठेवली. अपील चालू असताना गाड्या उघड्यावर पडून राहिल्या आणि मग बेवारस म्हणून विकून टाकल्या गेल्या. अपिलात व्यापारी जिंकला, पण गाड्या गेलेल्या. १९६७ मध्ये मेमन महोमेद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जप्त केलेला माल सरकारकडे ठेव असतो. तो परत देण्याची वेळ येऊ शकते हे सरकारला माहीत असतं, म्हणून तो नीट सांभाळणं त्याचं कर्तव्य आहे. बसव्वा पाटील या कर्नाटकातल्या बाईंचे चोरीतून हस्तगत झालेले दागिने पोलीस ठाण्यातूनच नाहीसे झाले होते. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याला त्यांची किंमत म्हणून दहा हजार रुपये द्यायला लावले, आणि असा आदेश फौजदारी न्यायालयही करू शकतं, वेगळा दिवाणी दावा लावायला नको, असंही म्हटलं. १९९४ मध्ये नागेंद्र राव प्रकरणात आंध्रातल्या खत आणि धान्याच्या व्यापाऱ्याचा माल जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली जप्त करून सरकारी ताब्यात सडवला गेला होता. राज्याने कस्तुरीलालचा आधार घेतला. न्यायालयाने तो मानला नाही, आणि सार्वभौमत्वाच्या नावाखाली लोकांशी खेळण्याची मुभा सुसंस्कृत राज्यव्यवस्थेत असू शकत नाही, अशा कडक शब्दांत सुनावलं.

मग कायदा कशाला हवा, असं तुम्ही विचाराल. निवाडे आहेतच की.

कारण कस्तुरीलाल हा पाच न्यायाधीशांचा निकाल आहे, लहान पीठाला तो मोडता येत नाही. तो निष्प्रभ झाल्याचं नंतरच्या निकालांत म्हटलं गेलं, पण औपचारिकपणे तो कोणी रद्द केलेला नाही. म्हणून सरकारी वकील अजूनही तो पुढे करतात आणि दावेदाराला प्रत्येक वेळी नव्याने सिद्ध करत बसावं लागतं, की आपलं प्रकरण मेमनसारखं आहे, मेरठसारखं नाही. दिल्लीपर्यंत जाण्याची ताकद असलेल्या खतव्यापाऱ्याला न्याय मिळाला, तो जप्तीनंतर जवळपास दोन दशकांनी. बॅटरी, स्टेपनी, टायर आणि बुडालेली भाडी यांचा हिशोब घेऊन तालुक्यातला टेम्पोवाला तिथवर जाणार नाही.

त्याच्या वाटेत काय काय आहे बघा. आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस. मग रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी, म्हणजे ज्याचं बुडालं त्यानेच आधी भरायचं. आणि त्याहून मोठा खड्डा म्हणजे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१. पोलिसांनी कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दलचा दावा सहा महिन्यांत लावला नाही, तर तो चालवून घ्यायचा नाही, असं ते सांगतं. एखाद्या शेजाऱ्याने तुमची मोटारसायकल अडकवून ठेवली, तर भरपाई मागायला मुदत कायद्याप्रमाणे तीन वर्षं मिळतात. हे कलम पोलिसांच्या प्रत्येक चुकीला लागू होतंच असं नाही. पण पहिला आक्षेप हाच येतो आणि त्यावरच वर्षं जातात. सहा महिन्यांत अनेकदा टेम्पो सोडण्याचा आदेशसुद्धा झालेला नसतो. माल हातात आल्याशिवाय नुकसान किती हे कळणार कसं आणि दावा लावणार कशाचा?

इथे एक अवांतर. भारतीय करार अधिनियमातही कलम १६१ आहे. ते सांगतं, की ठेव म्हणून घेतलेली वस्तू वेळेवर परत केली नाही, तर त्या वेळेपासून तिचं जे नुकसान होईल, ती हरवेल किंवा खराब होईल, त्याला ती ठेवून घेणारा जबाबदार. इस्त्रीवाल्याने कपडे वेळेत दिले नाहीत आणि मधल्या काळात दुकानात पाणी शिरलं, तर भरपाई इस्त्रीवाला देतो. आकडा दोन्हीकडे १६१ च. एक कलम इस्त्रीवाल्याला बांधतं आणि दुसरं ठाणेदाराला सोडवतं.

पोलीस ठाण्याचं आवार सर्वांना दिसतं, म्हणून उदाहरण तिथलं दिलं. पण अडवणूक आता दिसेनाशी झाली आहे. बँक खातं ही 'मालमत्ता' आहे आणि पोलीस ते गोठवू शकतात, हे महाराष्ट्र राज्य विरुद्ध तापस नियोगी या १९९९ च्या निकालाने ठरलं. तेव्हा डोळ्यांपुढे भ्रष्टाचाराची प्रकरणं होती. आज किराणा दुकानदाराच्या क्यूआर कोडवर कोणीतरी पाचशे रुपये टाकतो, ते पैसे चार खात्यांतून फिरून आलेले कुठल्या तरी सायबर फसवणुकीतले निघतात, आणि हजार किलोमीटर लांबच्या पोलीस ठाण्याच्या एका ई-मेलवर दुकानदाराचं अख्खं खातं बंद होतं. बँक म्हणते तपासी अंमलदाराला भेटा. तपासी अंमलदार परराज्यात. फोन उचलला तर म्हणतो इथे या. वादातली रक्कम पाचशे आणि अडकलेली रक्कम दुकानदाराचं सगळं भांडवल, घाऊक व्यापाऱ्याला दिलेले चेक परत आलेले, त्याची नोटीस वेगळी. परराज्यातल्या पोलिसांना महाराष्ट्राच्या कायद्याने बांधता येणार नाही, हे मला माहीत आहे. पण महाराष्ट्राचे पोलीसही दुसऱ्या कोणाची तरी खाती गोठवतातच की. सुरुवात आपल्या घरापासून करू.

तीच गोष्ट पथविक्रेत्यांची. २०१४ च्या केंद्रीय कायद्याने पालिकेला बजावून ठेवलं आहे : माल उचलला तर जागेवर यादी करा, तिची सही केलेली प्रत विक्रेत्याला द्या. विक्रेत्याने मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत परत करा. अतिक्रमण विभागाची गाडी येते तेव्हा काय होतं, हे कोणत्याही शहरातल्या सदस्याने आपल्याच मतदारसंघात एकदा उभं राहून पाहावं. केळ्यांची पाटी, वजनकाटा, ताडपत्री, सगळं एकाच ट्रकमध्ये भिरकावलं जातं. यादी करायला कोणी थांबत नाही. गोदामात गेल्यावर वजनकाटा कोणाचा हे कसं सिद्ध करणार? त्या कलमातही मुदत आहे, पण मुदत मोडली तर विक्रेत्याला काय, याचं उत्तर नाही.

तुमच्याकडे मागणं काय, ते आता स्पष्ट सांगतो. राज्याचा एक छोटा कायदा हवा, पाच-सहा कलमांचा. त्यात आरंभीच लिहा, की राज्य सरकार, पोलीस, महसूल, परिवहन विभाग किंवा स्थानिक स्वराज्य संस्था यांनी ताब्यात घेतलेल्या खासगी मालमत्तेच्या बाबतीत सार्वभौम अधिकाराचा बचाव राज्याला घेता येणार नाही. जप्तीच्या क्षणी सविस्तर यादी आणि फोटो मालकाला मिळालेच पाहिजेत. वाहन असेल तर किलोमीटरचा आकडा, बॅटरी, टायर, स्टेपनी, टाकीतलं इंधन यांच्या नोंदीसह. अशी नोंद नसेल, तर मालक सांगेल ते खरं धरावं, आणि ते खोटं असेल तर तसं राज्याने सिद्ध करावं. ताबा देताना दोघांनी मिळून तपासणी करायची, आणि 'माझी कोणतीही तक्रार नाही' असं लिहून घेतलेली पावती भरपाईच्या आड येणार नाही.

उशिराबद्दल दररोज ठरावीक रक्कम द्या. वीज कंपन्यांना सेवा द्यायला उशीर झाला तर ग्राहकाला भरपाई द्यावी लागते, तशी कृती मानके महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने कधीच लागू केली आहेत. विजेच्या जोडणीला जे लागू, ते टेम्पोला का नाही? परतीचा आदेश झाल्यापासून, किंवा कलम ४९७ ची मुदत संपल्यापासून, वाहनाच्या प्रकारानुसार दररोजची रक्कम मालकाच्या खात्यात जमा व्हावी. तिच्यासाठी वेगळा अर्ज करायला लावू नका. अर्ज करायला लावलात, की तिथेही म्हणणं मागवलं जाईल. वस्तू हरवली किंवा मोडली असेल, तर ज्या दंडाधिकाऱ्यापुढे प्रकरण आहे त्यानेच, बसव्वा पाटील प्रकरणाच्या धर्तीवर, किंमत ठरवून द्यावी. कोर्ट फी नको आणि कलम ८० सारखी नोटीस नको. आणि पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ ची सहा महिन्यांची मुदत मालमत्तेच्या भरपाईला लागू होणार नाही, अशी दुरुस्ती करा. तो अधिनियम राज्याचाच आहे, त्याला दिल्ली लागत नाही.

काही आक्षेप येतील, ते मी रोज ऐकतो. पोलिसांचं मनोबल खचेल, हा पहिला. उलट आज खचतं ते मुद्देमाल कारकुनाचं. लेखापरीक्षणात एखादी वस्तू सापडली नाही, की त्याच्या निवृत्तिवेतनावर टांच येते आणि छप्पर न बांधणारा विभाग नामानिराळा राहतो. भरपाई तिजोरीतून जाऊ लागली, की वित्त विभाग विचारायला लागेल की मुद्देमालासाठी शेड का नाही, आणि मग शेड होतील. सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्याकडून एक रुपयाही वसूल करू नका. जाणूनबुजून अडवणाऱ्याकडून करा.

दुसरा आक्षेप : याचा फायदा वाळूमाफिया घेतील. गुन्ह्यात मालकाचाच हात असेल, किंवा कायद्याने सरकारजमा होण्याजोगी वस्तू असेल, तर भरपाईचा प्रश्नच नाही, असं एक कलम घाला. तहसील कार्यालयाच्या आवारात महिनोन् महिने उभे असलेले ट्रक खरोखर वाळूचोरांचे असतील, तर ते वेळेत लिलावात निघायला हवेत. ते निघत नाहीत, याचा अर्थ त्या उशिराचा सरकारलाही तोटाच आहे.

तिसरा, आणि विधी विभागाचा आवडता : हा विषय राज्याच्या अधिकारात नाही. आहे. केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांच्या समवर्ती सूचीच्या नोंद ८ मध्ये दावायोग्य अपकृत्यं, म्हणजे भरपाईचा दावा लावता येईल अशा चुका, आहेत. अनुच्छेद ३०० ची मुक्तता संसदेच्या आणि राज्य विधिमंडळाच्या कायद्याच्या अधीन आहे, असं तोच अनुच्छेद सांगतो. नागरिक सुरक्षा संहितेशी कुठे घासलंच, तर अनुच्छेद २५४ खाली राष्ट्रपतींच्या संमतीची वाट मोकळी आहे. आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्क काढला, तरी अनुच्छेद ३००-अ ठेवला. कायद्याच्या अधिकाराखेरीज कोणालाही मालमत्तेपासून वंचित करता येणार नाही, असं त्यात आहे. परतीचा आदेश झाल्यानंतर टेम्पो ठेवून घेण्याला कोणत्या कायद्याचा अधिकार आहे, हे विधी विभागाने एकदा लिहून द्यावं.

सरकार विधेयक आणत नसेल, तर तुमच्यापैकी कोणीही अशासकीय विधेयक मांडू शकतो. खर्चाचा प्रश्न असल्यामुळे ते संमत होण्याआधी अनुच्छेद २०७ प्रमाणे राज्यपालांची शिफारस लागेल, म्हणजे अखेर सरकारला हात लावावा लागेलच. पण पटलावर आलं, की मंत्र्यांना उत्तर द्यावं लागतं. निदान एवढं तरी विचारा : आज राज्यातल्या पोलीस ठाण्यांत परतीचा आदेश होऊनही पडून असलेली वाहनं किती, आणि गेल्या पाच वर्षांत मुद्देमालाच्या नुकसानीपोटी राज्याने नागरिकांना किती रुपये दिले? तारांकित प्रश्न म्हणून टाका, म्हणजे उपप्रश्नही विचारता येतील.

विधेयकाचा कच्चा मसुदा मी मराठीत तयार केला आहे. आमच्या वकील संघातल्या काही सहकाऱ्यांनी तो वाचून दुरुस्त्याही सुचवल्या आहेत. पक्ष कोणताही असो, जो सदस्य तो मांडायला तयार असेल, त्याच्या कार्यालयात येऊन कलमवार समजावून सांगायची माझी तयारी आहे. नागपूरच्या अधिवेशनाआधी कळवलंत, तर विधेयकाची सूचना द्यायला वेळ मिळेल.

आपला विश्वासू,
तालुका न्यायालयात वकिली करणारा एक नागरिक